लेबल ज्याचे, दायित्व त्याचे

नव्याने ऑनलाइन विक्री सुरू करणाऱ्याला उत्पादन दायित्व विम्याची गरज नसते, हे मत नागपूरच्या व्यापारी वर्तुळात इतक्या सहजपणे मांडले जाते की त्याला आधार काय, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. इतवारीच्या ठोक बाजारातून माल उचलून वाडीच्या बाजूला एखादी खोली गोदाम म्हणून भाड्याने घेणारा तरुण असो, की महालातल्या राहत्या घरात सावजी मसाल्याची पाकिटे भरणारी गृहिणी असो, दोघांनाही सल्ला एकच मिळतो: आधी धंदा जमू द्या, विमा वगैरे मोठ्या कंपन्यांचे काम आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांनाही आपल्या राज्यापुरती ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून वस्तू विकण्याची मुभा मिळाली आणि या धंद्यात उतरण्याचा उंबरठा आणखी खाली आला, त्यामुळे असा सल्ला ऐकणाऱ्यांची संख्याही वाढणारच. तो सल्ला ज्या युक्तिवादांवर उभा आहे त्यांतील प्रत्येकात सत्याचा थोडा अंश आहे, आणि नेमक्या त्या अंशामुळेच तो घातक ठरतो.

उत्पादन दायित्व ही संज्ञा आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण बहुतेक विक्रेते तिचा अर्थ ‘माल परत आला तर पैसे परत द्यावे लागणे’ असा घेतात. वस्तू सदोष निघाली, रंग निराळा आला, शिवण उसवली, तर ती बदलून देणे किंवा किंमत परत करणे हा हमीचा आणि परताव्याचा विषय आहे. उत्पादन दायित्व त्याच्या पुढच्या टप्प्यावर सुरू होते: वस्तूतील दोषामुळे माणसाला इजा झाली, आजार जडला, मृत्यू ओढवला किंवा त्याच्या अन्य मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई करण्याची जबाबदारी म्हणजे उत्पादन दायित्व. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये ‘हानी’ची जी व्याख्या आहे तिच्यातून खुद्द सदोष वस्तूचे नुकसान मुद्दाम वगळलेले आहे, तर शारीरिक इजेसोबत येणारा मानसिक त्रास तिच्यात धरलेला आहे. परताव्याची मुदत सात किंवा दहा दिवसांत संपते आणि विक्रेता निर्धास्त होतो, पण ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

पहिला युक्तिवाद असा की हा विमा कायद्याने सक्तीचा नाही. हे विधान खरे आहे. 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर संसदेने 1991 मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा केला, परंतु त्याची सक्ती धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्यांपुरती आहे आणि मसाल्याच्या किंवा खेळण्यांच्या सामान्य विक्रेत्याशी तिचा संबंध नाही. मात्र विम्याची सक्ती नसणे आणि दायित्व नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सल्ला देणारे एकीवरून दुसरीवर केव्हा उडी मारतात हे त्यांच्याही ध्यानात येत नाही. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने, म्हणजे कलम 82 ते 87 यांनी, उत्पादन दायित्वाला भारतात प्रथमच स्वतंत्र आणि स्पष्ट वैधानिक रूप दिले. कलम 84 नुसार उत्पादक हा निर्मितीतील दोष, रचनेतील दोष, ठरलेल्या निर्मितीमानकांपासून झालेली फारकत, दिलेल्या हमीशी विसंगती आणि वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारे नसणे या कारणांसाठी जबाबदार ठरतो, आणि हमी देताना आपण निष्काळजीपणा किंवा लबाडी केली नाही असे त्याने सिद्ध केले तरी तेवढ्याने त्याची सुटका होत नाही. ज्या कायद्याने जबाबदारी इतकी कडक केली त्यानेच विमा ऐच्छिक ठेवला, याचा अर्थ जोखीम कशी पेलायची हे विक्रेत्यावर सोडले, एवढाच आहे.

दुसरा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत चुकीचा आहे: माल आपण बनवत नाही, आपण फक्त विकतो, तेव्हा जबाबदारी बनवणाऱ्याची. त्याची तपासणी सावकाश केली पाहिजे, कारण नव्या विक्रेत्याचे खरे कायदेशीर स्थान याच ठिकाणी ठरते. कायद्याच्या कलम 2(36) मध्ये ‘उत्पादन निर्माता’ या संज्ञेत प्रत्यक्ष वस्तू घडवणाऱ्याखेरीज जे अन्य लोक मोडतात, त्यांत दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर स्वतःचे चिन्ह लावणारा किंवा लावून घेणारा माणूसही आहे. ऑनलाइन व्यापारात नफा टिकवण्याचा जो मार्ग प्रत्येक नवख्याला शिकवला जातो, तो नेमका हाच आहे. दुसऱ्याचा ब्रँड विकून दोन-चार टक्के मिळतात, म्हणून बिनछापाचा माल घ्या, आपले नाव छापा, आपला ब्रँड उभा करा, असे सांगितले जाते आणि व्यापाराच्या दृष्टीने ते योग्यही आहे. परंतु ज्या क्षणी पाकिटावर स्वतःचे नाव चढते त्या क्षणी तो माणूस कायद्याच्या नजरेत विक्रेता राहत नाही, तो निर्माता होतो, मग त्याने आयुष्यात कधी खलबत्ता हातात धरलेला नसला तरी.

समजा, कळमन्याच्या बाजारातून मिरची आणि धणे घेतले, सुके खोबरे, दगडफूल आणि इतर जिन्नस इतवारीतून आणले, ते एका चक्कीवर कांडून घेतले आणि शंभर-शंभर ग्रॅमच्या पाकिटांत भरून ‘अस्सल सावजी’ म्हणून स्वतःच्या नावाने लिस्टिंग केले. त्याच चक्कीवर सकाळी कोणाची शेंगदाण्याची चटणी दळून गेलेली आहे आणि यंत्र फक्त कोरड्या फडक्याने पुसलेले आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक विनियमांनुसार शेंगदाणा हा अ‍ॅलर्जी निर्माण करणाऱ्या घटकांत मोडतो आणि त्याची सूचना लेबलवर द्यावी लागते, पण या पाकिटावर ती नाही, कारण पाकीट भरणाऱ्याच्या मते मसाल्यात शेंगदाणा नाहीच. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या एखाद्याला हे पाकीट बेंगळुरूमध्ये मिळाले आणि त्याला अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले, तर चक्कीवाला पाकिटावर कुठेच नाही, मिरचीचा व्यापारी कुठेच नाही, नाव आणि पत्ता आहे तो ब्रँडवाल्याचा, आणि तोही वेष्टित वस्तूंच्या वजनमापविषयक नियमांनी छापायला लावलेला. यात ब्रँडवाल्याची लबाडी कुठेही नाही. इशारा नसणे हेच दायित्वासाठी पुरेसे आहे.

यावर असे उत्तर दिले जाते की चक्कीवाल्याकडून किंवा जॉबवर्क करणाऱ्या कारखान्याकडून लेखी करार करून घ्यावा, म्हणजे झालेली भरपाई त्याच्याकडून वसूल करता येईल. करार अवश्य करावा, पण वसुलीचा हक्क हा समोरच्याच्या ऐपतीएवढाच मोठा असतो, आणि कांडपाच्या एका यंत्रावर घर चालवणाऱ्या माणसाकडून काही लाखांची वसुली होईल असे मानणे हा कागदावरचा आशावाद आहे.

जो स्वतःचे नाव लावत नाही, केवळ मिळाला तसा माल विकतो, त्याच्यासाठी कलम 86 आहे, आणि तेही वाटते तितके सौम्य नाही. केवळ विक्रेता असलेला माणूस काही ठरावीक परिस्थितींतच जबाबदार धरला जातो: त्याने वस्तूच्या रचनेवर, चाचणीवर, वेष्टनावर किंवा लेबलवर मोठे नियंत्रण ठेवले असेल, वस्तूत फेरफार केला असेल, निर्मात्याहून वेगळी हमी स्वतः दिली असेल, वस्तू तपासण्यात किंवा सांभाळून ठेवण्यात वाजवी काळजी घेतली नसेल, किंवा निर्मात्याचे इशारे ग्राहकापर्यंत पोहोचवले नसतील. याखेरीज एक परिस्थिती अशी आहे की जी नागपूरच्या ठोक बाजारात रोज घडते: निर्माता कोण हेच ठाऊक नसणे, किंवा ठाऊक असूनही त्याला नोटीस बजावता न येणे, अथवा तो भारतीय कायद्याच्या कक्षेबाहेर असणे. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेली, खोक्यावर कोणाचाही पत्ता नसलेली चार्जिंगची वायर, पॉवर बँक किंवा पाणी तापवण्याची इलेक्ट्रिक किटली जेव्हा पेट घेते, तेव्हा तिचा निर्माता सापडत नाही आणि कायदा विक्रेत्याकडे वळतो. कॅलिफोर्नियातील अपील न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये लॅपटॉपच्या बदली बॅटरीच्या स्फोटाच्या प्रकरणात अ‍ॅमेझॉनलाच कडक दायित्वाखाली आणता येईल असे ठरवले, त्या प्रकरणातही बॅटरी प्रत्यक्षात हाँगकाँगमधील एका कंपनीने बनावट नावाने विकलेली होती आणि ती न्यायालयासमोर आलीच नाही. जो हाताशी सापडतो त्याच्याकडून भरपाई घ्यायची, हे तत्त्व दोन्ही देशांत सारखेच आहे.

सांभाळून ठेवण्यातील काळजी या मुद्द्याला नागपुरात एक खास स्थानिक बाजू आहे, जिचा उल्लेख मुंबईत बसून लिहिलेल्या मार्गदर्शिकांत आढळत नाही. मे महिन्यात या शहराचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि टिनाच्या छताखालच्या गोदामात त्याहून अधिक उष्णता साठते. लिथियम बॅटरी, त्वचेला लावायची क्रीम, खवा घातलेली संत्रा बर्फी यांपैकी कोणतीही वस्तू कारखान्यातून निर्दोष निघून तीन आठवड्यांत त्या छताखाली सदोष होऊ शकते, आणि मग निर्मात्याकडे बोट दाखवण्याची सोय विक्रेत्याला राहत नाही. पावसाळ्यात दमट झालेल्या मिरचीवर बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विषारी द्रव्य तयार होते, ते डोळ्यांना दिसत नाही आणि कांडल्यावर तर मुळीच नाही.

तिसरा युक्तिवाद प्लॅटफॉर्मवर विसंबतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट 2022 मध्ये अनिवार्य मानकाचे पालन न करणारे प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांना प्रत्येकी 1 लाख रुपयांचा दंड केला, अ‍ॅमेझॉनवरून विकल्या गेलेल्या 2,265 आणि फ्लिपकार्टवरून विकल्या गेलेल्या 598 कुकरांच्या ग्राहकांना कळवण्याचा, माल परत घेण्याचा आणि पैसे परत देण्याचा आदेश दिला, आणि पुढे हे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयातही गेले. या आदेशांचा दाखला देऊन सांगितले जाते की आता प्लॅटफॉर्मच जबाबदार आहे, छोट्या विक्रेत्याने डोके का खपवावे. हा निष्कर्ष उलटा आहे. प्लॅटफॉर्मला जबाबदार धरल्याने जबाबदारांच्या यादीत एक नाव वाढते, पहिले नाव पुसले जात नाही. शिवाय विक्रेता खाते उघडताना न वाचता ज्या करारावर ‘मान्य’ची खूण करतो, त्या प्रकारच्या करारात सामान्यतः असे कलम असते की त्याच्या मालामुळे प्लॅटफॉर्मला जो खर्च किंवा जी भरपाई सोसावी लागेल ती विक्रेत्याने भरून द्यावी, आणि विक्रीची थकबाकी प्लॅटफॉर्मच्याच हातात असल्याने ती वसुली करायला त्याला न्यायालयाची पायरीही चढावी लागत नाही. प्लॅटफॉर्म स्वतः या जोखमीकडे कसा पाहतो याचा पुरावा हवा असेल तर अमेरिकेकडे पाहावे: तेथील अ‍ॅमेझॉनवर एका महिन्यात 10,000 डॉलरहून अधिक विक्री करणाऱ्याला 10 लाख डॉलरच्या दायित्व विम्याची अट घातलेली आहे, आणि नागपुरातून तिकडे माल पाठवणाऱ्यालाही ती चुकत नाही.

इतक्या लहान किमतीच्या वस्तूसाठी खटला कोण भरणार, हा प्रश्न 1986 च्या जुन्या ग्राहक कायद्याच्या काळात कदाचित शोभून दिसला असता. नव्या कायद्याच्या कलम 34 नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तो तक्रार करू शकतो, म्हणजे तक्रारदाराला नागपूरला यावे लागत नाही, विक्रेत्यालाच गुवाहाटीला किंवा कोचीला वकील शोधावा लागतो. जिल्हा आयोगाची मर्यादा 50 लाख रुपयांची आहे, पण ती मागितलेल्या भरपाईवर मोजली जात नाही, वस्तूसाठी दिलेल्या किमतीवर मोजली जाते, आणि किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्क शून्य आहे. परिणाम असा की 150 रुपयांच्या पाकिटाविषयीची तक्रार, भरपाई कितीही लाखांची मागितलेली असली तरी, ग्राहकाच्या घराजवळच्या आयोगात विनाशुल्क दाखल होते. अन्नपदार्थांच्या बाबतीत अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 चे कलम 65 आणखी पुढे जाते आणि मृत्यूच्या प्रकरणात किमान 5 लाख रुपयांची भरपाई ठरवून देते. भरपाईचे माप इजेचे असते, वस्तूच्या किमतीचे नसते, एवढी एक गोष्ट ज्याच्या लक्षात आली त्याला ‘लहान धंदा, लहान जोखीम’ हे समीकरण टिकत नाही हे निराळे सांगावे लागत नाही. आणि नवा विक्रेता बहुधा एकल मालक, म्हणजे प्रोप्रायटर, असल्याने धंद्याचे पैसे आणि घराचे पैसे यांच्यात कायदा भिंत मानत नाही. खासगी मर्यादित कंपनी काढली की प्रश्न मिटला असे सांगणारे सल्लागारही आहेत, पण कंपनीची ढाल मालकाचे घर वाचवते, धंदा वाचवत नाही, आणि ज्याने स्वतः निष्काळजीपणा केला त्याला तीही पुरेशी पडत नाही.

विरोधकांच्या बाजूने एकच आक्षेप खरोखर वजनदार आहे आणि तो पैशाचा आहे. नव्या धंद्यात नफा इतका बारीक असतो की विम्याचा हप्ता भरण्यापेक्षा तेच पैसे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून मालाची तपासणी करून घेण्यात, चांगल्या वेष्टनात आणि पक्क्या बिलाच्या मालात घालावेत, असे या पक्षाचे म्हणणे आहे. क्रम म्हणून हे मान्य करायला हरकत नाही. पर्याय म्हणून मात्र ते चूक आहे, कारण तपासणीमुळे अपघाताची शक्यता घटते, अपघात झाल्यावर येणारा आकडा घटत नाही, आणि दिवाळखोरी त्या आकड्याने होते. विम्याचा हप्ता वार्षिक उलाढाल, वस्तूचा प्रकार, भरपाईची मर्यादा, विक्रीचा प्रदेश आणि ‘एक्सेस’ म्हणजे प्रत्येक दाव्यात विमाधारकाने स्वतः सोसायची रक्कम, यांवर ठरतो. ज्याची उलाढाल लहान आणि विक्री भारतापुरती, त्याचा हप्ता अमेरिकेला माल पाठवणाऱ्याच्या तुलनेत बराच कमी असतो. शिवाय भरपाईखेरीज वकिलाचा आणि बचावाचा खर्चही पॉलिसी उचलते, बहुधा त्याच मर्यादेच्या आतून, आणि तक्रार खोटी असली तरी तो खर्च चुकत नाही.

येथे विमा एजंटांचीही थोडी झाडाझडती आवश्यक आहे, कारण ‘गरज नाही’ म्हणणाऱ्यांना बळ मिळते ते यांच्या अतिशयोक्तीतून. ही पॉलिसी घेतली की काळजी मिटली, असे जे सांगितले जाते ते खरे नाही. सदोष वस्तूची किंमत, बाजारातून माल परत मागवण्याचा खर्च, प्राधिकरणाने ठोठावलेला दंड, आणि कायदेशीर तरतुदींचे जाणूनबुजून केलेले उल्लंघन या गोष्टी तिच्यात सहसा येत नाहीत. अन्न नोंदणी न घेता मसाला विकणारा, किंवा 1 जानेवारी 2021 पासून बंधनकारक असलेले मानक चिन्ह नसलेली खेळणी विकणारा, हप्ता भरूनही दाव्याच्या वेळी हात हलवत परत येण्याची दाट शक्यता आहे. मोठा ब्रँड आपल्या पॉलिसीत विक्रेत्यांनाही सामावून घेतो, हे काही वेळा खरे असते, पण विक्रेत्याने माल फोडून पुन्हा पाकिटबंद केला किंवा लेबल बदलले की ते संरक्षण बहुधा गळून पडते. आणि सरसकट प्रत्येक नव्या विक्रेत्याला ही पॉलिसी हवीच, हा एजंटांचा दावा तर उघडच पोकळ आहे. गांधीबागेतून साड्या घेऊन विकणारी, जुनी पुस्तके विकणारा, नामांकित कंपनीचा सीलबंद माल पक्क्या बिलावर घेऊन तसाच पाठवणारा, यांची जोखीम इतकी मर्यादित आहे की त्यांनी आधी खरेदीची बिले आणि बॅच क्रमांकांची नोंद नीट ठेवावी, विम्याचा विचार मागाहून केला तरी चालेल.

प्रश्न म्हणून ‘विक्रेता नवा आहे का’ किंवा ‘लहान आहे का’ असा मांडलाच जाऊ नये. वस्तू पोटात जाते का, त्वचेला लागते का, विजेवर चालते का, लहान मुलाच्या हातात जाते का, आणि तिच्यावर नाव कोणाचे आहे किंवा कोणाचेच नाही का, एवढेच पाहावे लागते. यांपैकी कोणत्याही प्रकारची वस्तू जो स्वतःच्या नावाने किंवा निर्मात्याचा पत्ता नसताना विकतो, त्याला उत्पादन दायित्व विमा हवा, आणि तो पहिले पार्सल रवाना होण्याआधी हवा. धंदा जमल्यावर घेऊ, या बेतातील अडचण पॉलिसीच्या रचनेतच आहे. भारतात या पॉलिसी सामान्यतः दावा ज्या काळात दाखल होतो त्या काळाशी बांधलेल्या असतात, त्यामुळे दावा येतो त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. त्याबरोबरच तिच्यात एक पूर्वलक्षी तारीख नमूद असते, जी बहुधा पहिली पॉलिसी घेतल्याचा दिवस असते आणि खंड न पाडता नूतनीकरण केले तरच टिकते. त्या तारखेच्या आधी घडलेल्या इजेचा दावा विमा कंपनी स्वीकारत नाही.